नुसत्या नावावर जाऊ नका: हिब्रू शास्त्रातली माणसं, त्यांची घराणी आणि धंदे

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात गदल्या नावाची दोन माणसं आहेत. एक पशहूरचा मुलगा. ‘यिर्मयाला ठार करा, तो शिपायांचं अवसान घालवतोय’ असं राजाकडे जाऊन सांगणाऱ्या चार अधिकाऱ्यांपैकी तो एक (अध्याय ३८, वचनं १-४). दुसरा अहीकामचा मुलगा, शाफानचा नातू. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेपुढे यरुशलेम पडल्यावर यिर्मयाला चौकीतून काढून ज्याच्या हवाली केलं, तो हा (३९:१४). मध्ये जेमतेम एक अध्याय. भरभर वाचणाऱ्याला वाटतं की जीव घ्यायला निघालेला माणूसच पुढे आश्रयदाता झाला, आणि हा पालट कसा झाला याची कारणं तो शोधत बसतो. कारण काहीच नाही. माणसं दोन आहेत, बाप वेगळे, घराणी वेगळी, राजकारणही वेगळं.

हिब्रू शास्त्रात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात (ख्रिस्ती बायबलातल्या जुन्या करारात), नावांचा साठा लहान आणि माणसं पुष्कळ. जखऱ्या नावाचीच सुमारे तीस माणसं सापडतात. अजऱ्या, शमाया, मशुल्लाम यांचीही गर्दी तशीच. म्हणून माणूस ओळखताना पाच गोष्टी एकत्र पाहायच्या: नाव, बाप, घराणं किंवा गाव, काम आणि काळ. यातलं नाव हा सगळ्यांत कच्चा पुरावा. बाप जुळला की बात पुढे सरकते, आजा जुळला की बहुधा पक्की होते, आणि हुद्दा किंवा धंदा जुळला की शंकेला फारशी जागा उरत नाही.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) १७९६ साली उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल, यहेज्केलचे चिरंजीव. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने शास्त्रातली नावं मराठी वळणावर घेतली, मागे बापाचं नाव लावलं आणि आडनावं गावांवरून घेतली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. नाव, बाप, गाव, धंदा ही चारही अंगं इथे आहेत.

आता बापाकडे. हिब्रूत ‘अमुक बेन तमुक’ असं येतं आणि आपण ‘तमुकचा मुलगा’ असं वाचून पुढे जातो. दहातल्या नऊ वेळा ते बरोबरच असतं. दहाव्या वेळी घोटाळा होतो, आणि तो तीन-चार ठरावीक प्रकारांचा असतो.

पहिला प्रकार, मधली पिढी गळालेली असते. संदेष्टा जखऱ्या स्वतःच्या पुस्तकात ‘बरेख्याचा मुलगा, इद्दोचा नातू’ आहे. एज्राच्या पुस्तकात तोच सरळ ‘इद्दोचा मुलगा’ होतो (५:१). येहू हा यहोशाफाटचा मुलगा आणि निम्शीचा नातू (२ राजे ९:२), पण ‘निम्शीचा येहू’ हीच ओळख जास्त चालते. एज्राचं स्वतःचं उदाहरण तर हिशेब मांडूनच पाहावं. एज्रा ७:१ मध्ये तो सरायाचा मुलगा म्हटला आहे. हा सराया म्हणजे यरुशलेमचा मुख्य याजक, ज्याला शहर पडल्यावर रिब्ला इथे मारलं, म्हणजे इ.स.पू. ५८६ च्या सुमाराला. रूढ कालगणनेनुसार एज्रा यरुशलेमला आला ४५८ मध्ये. मध्ये १२८ वर्षं. इथे ‘मुलगा’ म्हणजे वंशज, दुसरं काही असूच शकत नाही.

त्याच वंशावळीत आणखी एक गंमत दडली आहे, आणि तिचा संबंध हाताने ग्रंथाच्या प्रती उतरवणाऱ्यांच्या कामाशी आहे. १ इतिहासाच्या सहाव्या अध्यायात मरायोथपासून शल्लूमपर्यंत याजकांची जी साखळी आहे, तीत अमऱ्या, अहीटूब, सादोक हे त्रिकूट एकदा येतं आणि काही पिढ्यांनी पुन्हा त्याच क्रमाने येतं. एज्राच्या यादीत हे त्रिकूट एकदाच आहे. मरायोथच्या पुढची सहा नावं तिथे नाहीतच. आजोबांचं नाव नातवाला द्यायची चाल असली की याद्यांत असं होतं. नकलून घेणाऱ्याची नजर पहिल्या अमऱ्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधला गठ्ठा गळतो. मुद्दाम संक्षेप केला असंही म्हणता येईल. मला नजर घसरल्याचा खुलासा जास्त पटतो, कारण गळालेला तुकडा नेमका पुनरावृत्तीच्या जागीच आहे. म्हणून वंशावळीतल्या पिढ्या मोजून वर्षं काढायची असतील, तर आधी समांतर यादी शेजारी मांडायची.

दुसरा प्रकार, ‘बेन’नंतर माणसाचं नाव नसून धंदा असतो. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमच्या भिंतीची डागडुजी कोणी कुठे केली याची यादी आहे. त्यात हनन्याला अत्तरवाल्यांचा ‘बेन’ म्हटलं आहे (३:८) आणि एका मल्कीयाला सोनाराचा (३:३१). याचा अर्थ तो त्या पेशाच्या मंडळीतला. ‘संदेष्ट्यांचे पुत्र’ हेही तसंच, संदेष्ट्यांच्या मंडळीतले लोक. आमोस जेव्हा म्हणतो की मी संदेष्टा नाही आणि संदेष्ट्याचा पुत्रही नाही (७:१४), तेव्हा तो बापाबद्दल बोलत नाही. त्या मंडळीत माझं नाव नाही, माझं पोट दुसऱ्या धंद्यावर चालतं, असं तो याजकाला सुनावतोय.

धंदा ओळखायची एक सोपी खूण आहे. हिब्रूत माणसाच्या नावाआधी ‘ह’ हे निश्चयवाचक उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखं) लागत नाही, हुद्द्याआधी लागतं. तेव्हा ‘बेन’नंतरचा शब्द ‘ह’ने सुरू होत असेल तर थांबून पाहायचं की तो मुळात पेशा आहे का. नहेम्या ३:१२ मधला शल्लूम हा ‘हल्लोहेश’चा मुलगा, हा शब्द मंत्र पुटपुटणाऱ्याचा, मांत्रिकाचा आहे, जो पुढे घराण्याचं नाव झाला. याहून नामी उदाहरण बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या याद्यांत आहे. शलमोनाच्या चाकरांच्या वंशजांत एज्रा २:५५ मध्ये ‘हस्सोफेरेथ’ घराणं आहे, आणि नहेम्या ७:५७ मध्ये तेच ‘सोफेरेथ’ असं येतं. घराणं एक, नाव लेखनाच्या कामावरून पडलेलं, एका यादीत उपपद राहिलं आणि दुसऱ्या यादीत गळालं. मात्र प्रत्येक ‘ह’ म्हणजे उपपद नव्हे. हनन्या, हिल्कीया, हुल्दा यांतला ‘ह’ मूळ शब्दाचाच आहे. म्हणून ही खूण मूळ हिब्रू अक्षर पाहूनच वापरायची.

तिसरा प्रकार विरळा, पण ठळक. यवाब, अबीशय आणि असाएल हे दावीदाचे सेनानी दर वेळी ‘सरुवेचे पुत्र’ म्हणून येतात. सरुवा त्यांची आई, दावीदाची बहीण (१ इतिहास २:१६). बापाचं नाव कुठेच नाही. असाएलला बेथलेहेमात बापाच्या थडग्यात पुरलं असं मात्र सांगितलं आहे (२ शमुवेल २:३२), म्हणजे बाप होता, त्याचं थडगंही ठाऊक होतं. आईच्या नावाने ओळख टिकली ती राजाशी नातं तिच्या बाजूने होतं म्हणून, असा तर्क मला सर्वांत साधा वाटतो. दरबारात भाचा असणं हीच त्यांची ओळख होती.

आणि चौथा: १ इतिहासाच्या दुसऱ्या-चौथ्या अध्यायांत ‘अमुक हा तकोवाचा बाप’, ‘सोखोचा बाप’ अशी वाक्यं येतात. तकोवा आणि सोखो ही गावं आहेत. तिथे ‘बाप’ म्हणजे गाव वसवणारा किंवा त्या गावचं मूळ घराणं. या अध्यायांतून कुटुंबवृक्ष काढायला बसलात आणि हेब्रोन, जीफ यांना नातवंडं म्हणून लिहिलंत, तर वंशवृक्ष म्हणून तुमच्या हाती यहूदाचा नकाशाच येईल.

हे सगळं प्रत्यक्ष कसं वापरायचं ते शाफानच्या घराण्यावर पाहू. माझ्या मते सगळ्या हिब्रू शास्त्रात अभ्यासाला याहून चांगलं घराणं नाही.

शाफान हा यहूदाचा राजा योशीया याचा चिटणीस. राजाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या सुमाराला, मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा मोजायला राजा त्याला पाठवतो. तिथे मुख्य याजक हिल्कीया त्याच्या हाती नियमशास्त्राची गुंडाळी देतो आणि शाफान ती राजापुढे वाचतो (२ राजे २२). त्याची ओळख तीन पिढ्यांची दिली आहे: शाफान, असल्याचा मुलगा, मशुल्लामचा नातू. गुंडाळी ऐकून राजा कपडे फाडतो आणि संदेष्टी हुल्दा हिच्याकडे पाच जणांना पाठवतो: हिल्कीया याजक, शाफानचा मुलगा अहीकाम, मीखायाचा मुलगा अखबोर, शाफान चिटणीस आणि राजाचा सेवक असाया. हुल्दाची ओळख नवऱ्यावरून आहे, आणि त्याचा धंदाही नोंदवला आहे: शल्लूम, वस्त्रागाराचा रखवालदार. गमतीची बाब अशी की शाफान, अखबोर आणि हुल्दा ही तिन्ही नावं लहान प्राण्यांची आहेत. अखबोर तर सरळ उंदीर. राजदरबारातली माणसं मुलांची अशी नावं ठेवत होती.

या यादीत एक प्रश्न लगेच उभा राहतो: अहीकाम ज्या शाफानचा मुलगा, तो हाच चिटणीस का? एकाच वाक्यात एक ‘शाफान’ नुसता आणि दुसरा ‘शाफान चिटणीस’ असा आला आहे. काही अभ्यासक म्हणूनच सावध राहतात. पण काळ, जागा आणि वर्तुळ तिन्ही जुळतात, त्यामुळे बहुतेक जण एकच शाफान मानतात, आणि मीही मानतो.

आता यिर्मया ३६ उघडा. यहोयाकीम राजाच्या पाचव्या वर्षी, नवव्या महिन्यात यिर्मयाचा लेखनिक बारूख मंदिरात यिर्मयाची गुंडाळी वाचतो. कुठे? शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीत, वरच्या अंगणात. ऐकणाऱ्यांत गमऱ्याचा मुलगा मीखाया आहे. तो उठून राजवाड्यात चिटणिसाच्या खोलीत जातो आणि तिथे बसलेल्या अधिकाऱ्यांना सांगतो. ते अधिकारी म्हणजे अलीशामा चिटणीस, शमायाचा दलाया, अखबोरचा एलनाथान, शाफानचा गमऱ्या, हनन्याचा सिद्कीया. म्हणजे अठरा वर्षांपूर्वी हुल्दाकडे गेलेल्या पाचांपैकी दोघांचे मुलगे इथे पुन्हा एका खोलीत आहेत. पुढे राजा शेगडीजवळ बसून, तीन-चार स्तंभ वाचून झाले की चिटणिसाच्या चाकूने तेवढा तुकडा कापून आगीत टाकतो. बोरू तासायचा तो चाकू. तेव्हा ‘जाळू नका’ म्हणून राजाला विनवणारे तिघे: एलनाथान, दलाया, गमऱ्या. बापाने जी गुंडाळी जपून राजापुढे नेली, तसल्याच दुसऱ्या गुंडाळीसाठी मुलगा राजाची मनधरणी करतो. नुसती नावं वाचून गेलं तर हे दिसतच नाही. बापांची नावं वाचली की सगळा प्रसंग उघडतो.

इथेच एक बारीक अडचण. ३६:१० मध्ये ‘गमऱ्या बेन शाफान चिटणीस’ असं आहे. चिटणीस कोण, मुलगा की बाप? हिब्रू वाक्यरचनेत हुद्दा कोणाकडेही जाऊ शकतो. दोन वचनं पुढे वाचा: राजवाड्यातली चिटणिसाची खोली अलीशामाच्या ताब्यात आहे. म्हणजे त्या वेळचा चिटणीस अलीशामा, आणि १० व्या वचनातला हुद्दा बहुधा बाप शाफानचा. असा पेच पडला की त्याच प्रसंगात ती गादी कोणाकडे आहे ते आधी शोधायचं.

घराण्याची बाकी माणसं: अहीकाम, ज्याने यिर्मयाला जमावाच्या हातून वाचवलं (२६:२४). एलासा, ज्याने यिर्मयाचं पत्र बाबेलला नेलं (२९:३). त्याच्यासोबत एक गमऱ्या आहे, पण तो हिल्कीयाचा मुलगा, त्याला इथे मिसळायचं नाही. आणि अहीकामचा मुलगा गदल्या, ज्याला बाबेलने मिस्पा इथे कारभारी नेमलं आणि ज्याला नथन्याचा मुलगा इश्माएल याने मारलं. ६२२ ते ५८६, छत्तीस वर्षांत तीन पिढ्या, आणि अहीकाम सुरुवातीलाच जाणता आहे. काळाचा हिशेब चपखल बसतो.

बारूखकडेही एकदा पाहा, कारण आजोबा किती कामाला येतो ते तिथे कळतं. ३२:१२ मध्ये बारूख हा नेरीयाचा मुलगा, महसेयाचा नातू. ५१:५९ मध्ये सिद्कीया राजाबरोबर बाबेलला गेलेला सराया हाही नेरीयाचा मुलगा, महसेयाचा नातू. ‘हे भाऊ होते’ असं कुठेच लिहिलेलं नाही. तरी बाप आणि आजा दोन्ही जुळतात, दोघेही यिर्मयाचं लिखाण हाताळतात, भाऊच. पण त्याच पुस्तकात याजक सराया, अज्रीएलचा सराया आणि तन्हुमेथचा सराया असे आणखी तिघे आहेत. शलेम्या नावाची माणसंही चार आहेत. याच कारणासाठी यिर्मयाचा बाप हिल्कीया आणि मंदिरातला मुख्य याजक हिल्कीया यांना एक मानणं चूक. यिर्मयाचं घराणं अनाथोथच्या याजकांचं. शलमोनाने अब्याथार याजकाला हाकलून ज्या गावी पाठवलं ते हेच अनाथोथ (१ राजे २:२६), तर मुख्य याजकपद सादोकाच्या घराण्यात राहिलं. गाव पाहिलं की गुंता सुटतो.

धंद्यांकडे वळतो. दावीदाच्या खाजगी मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांची यादी १ इतिहास २७:२५-३१ मध्ये आहे आणि ती फार सुरेख आहे. बारा माणसं, प्रत्येकाचं खातं वेगळं. राजाच्या जामदारखान्यावर अज्मावेथ, खेड्यापाड्यांतल्या कोठारांवर योनाथान, शेतमजुरांवर एज्री, द्राक्षमळ्यांवर शिमी, द्राक्षारसाच्या तळघरांवर जब्दी, पश्चिमेच्या सखल भागातल्या जैतून (ऑलिव्ह) आणि उंबरांवर बाल-हानान, तेलाच्या साठ्यांवर योवाश, शारोनात चरणाऱ्या गुरांवर शित्रय, खोऱ्यांतल्या गुरांवर शाफाट, उंटांवर ओबील, गाढवींवर येहद्या, शेळ्यामेंढ्यांवर याजीज. द्राक्षमळा एकाकडे आणि त्यातून निघणारा रस दुसऱ्याकडे, जैतून एकाकडे आणि तेल दुसऱ्याकडे, ही विभागणी लक्षात घ्या. पिकवणारा आणि साठवणारा एकच असला की घट लपवता येते. यादीत तसं कारण लिहिलेलं नाही, पण कोठीचा कारभार ज्याला माहीत आहे त्याला ते सांगावं लागत नाही.

आता ओळखी मोजा. चौघांना बापाचं नाव आहे (अज्मावेथ, योनाथान, एज्री, शाफाट). सातजणांना गाव किंवा जमात आहे. एकट्या योवाशाला काहीच नाही. दोन्ही असलेला एकही नाही. उंटांवर इश्माएली आणि मेंढरांवर हग्री आहे, दोघेही वाळवंटी जमातींचे. ज्याचा जनावरांशी पिढीजात संबंध त्याच्याकडे ते काम दिलं. ओबील हे नाव तर उंटांसाठीच्या अरबी शब्दाच्या अगदी जवळ जातं. शित्रय शारोनी, आणि शारोनातल्याच गुरांवर. अशा याद्यांत गाव ही नुसती ओळख नसते, तीच नेमणुकीची लायकी असते.

बाल-हानानच्या उंबरांवरून आमोसाचं कोडं सुटायला मदत होते. आमोस तकोवाचा मेंढपाळ (१:१). तिथे जो ‘नोकेद’ शब्द वापरला आहे तोच मवाबचा राजा मेशा याला लावला आहे (२ राजे ३:४), आणि मेशा एक लाख कोकरं आणि एक लाख मेंढ्यांची लोकर भरत होता. म्हणजे आमोस कोणाकडे राबणारा पोरगा गुराखी होता असं गृहीत धरू नये. त्याचे स्वतःचे कळप असू शकतात. दुसरा धंदा त्याने स्वतः सांगितला आहे: उंबराच्या जातीच्या फळांना छेद देणारा. ही फळं कच्ची असताना झाडावर चढून एकेकाला टोकदार पात्याने चीर द्यावी लागते. चिरेमुळे फळात इथिलीन वायू तयार होतो आणि तीन-चार दिवसांत फळ फुगून गोड होतं. चीर वेळेवर न दिल्यास ते लहान आणि बेचव राहतं. म्हणून हे काम हंगामात रोज, झाडोझाडी करावं लागतं. पण तकोवा डोंगरमाथ्यावर, आठशे मीटरच्या आसपास, आणि हे झाड थंडी सोसत नाही. ते पश्चिमेच्या सखल भागात आणि यार्देनेच्या खोऱ्यात वाढतं. अर्थात आमोस हंगामाप्रमाणे कळप घेऊन खाली उतरत असणार. गाव आणि धंदा जुळत नाहीत तिथे पाठ चुकला असं लगेच म्हणू नये. त्या विसंगतीतच माणसाचं वर्षाचं वेळापत्रक सापडतं.

नहेम्या ३ कडे एकदा परत जातो, कारण त्या एका अध्यायात तीन मल्कीया आहेत: हारीमचा (११), रेखाबचा, जो बेथ-हक्केरेम विभागाचा अधिकारी आणि उकिरडा-वेशीवर काम करतो (१४), आणि सोनारांतला (३१). तिघांना तीन वेगळ्या खुणांनी वेगळं केलंय: एकाला घराणं, दुसऱ्याला हुद्दा, तिसऱ्याला धंदा. यादी करणाऱ्यालाही नुसतं नाव पुरत नव्हतं. याच यादीत हल्लोहेशच्या शल्लूमबरोबर त्याच्या मुलींनी भिंत बांधली अशी नोंद आहे. त्यांची नावं दिली नाहीत, पण काम नोंदवलं. भिंत बावन्न दिवसांत पुरी झाली (६:१५), तेव्हा सोनार आणि अत्तरवाले दगड वाहत होते यात नवल नाही.

कारागिरांपैकी निवासमंडपाच्या, म्हणजे मंदिराआधीच्या तंबूवजा उपासनास्थळाच्या, दोघांची गोष्ट आधी घेतो. बसालेल हा ऊरीचा मुलगा, हूरचा नातू, यहूदा वंशाचा. धातू, रत्नं, लाकूड सगळ्यात निष्णात. त्याचा जोडीदार दान वंशाचा अहलियाब, कोरीव काम आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचं वीणकाम करणारा. हिशेब ठेवणारा तिसराच: अहरोनाचा मुलगा इथामार (निर्गम ३८:२१). आणि हिशेब तपासता येतो. ६,०३,५५० पुरुष, दर डोई अर्धा शेकेल (चांदीचं वजन), म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. पाठात आकडा आहे १०० किक्कार (शेकेलाहून मोठं वजन) आणि १,७७५ शेकेल. किक्काराचे ३,००० शेकेल धरले की काटा बरोबर शून्यावर येतो.

शलमोनाच्या मंदिराचा ओतारी हीराम सोर (टायर) शहराचा. १ राजे ७:१४ मध्ये त्याची आई नफताली वंशातली विधवा; २ इतिहास २:१४ मध्ये ती दान वंशातली आणि त्याचं नाव हूराम-अबी. ही विसंगती कशी सोडवायची? दान वंश पाहिला की अहलियाब आठवतो. इतिहासाच्या लेखकाला मंदिराचा कारागीर हा निवासमंडपाच्या कारागिरासारखा दिसायला हवा होता, असं अनेक अभ्यासक मानतात. मला हा खुलासा दोन वेगळे कारागीर कल्पण्यापेक्षा किती तरी बरा वाटतो.

शेवटी जमिनीतून निघालेल्या मोहरा. पपायरसचं पत्र गुंडाळून दोरा बांधायचे, गाठीवर ओली माती थापायचे आणि तिच्यावर मोहोर दाबायचे. मातीचा तो शिक्का नखाएवढा. ५८६ च्या आगीत पत्रं जळाली, पण माती भाजून निघाली, म्हणून शिक्के उरले. १९८२ साली यरुशलेमच्या दावीदनगरात अशा शिक्क्यांचा एक साठाच सापडला आणि त्यात एकावर ‘गमर्याहू बेन शाफान’ होतं. हुद्दा नाही. पण नाव, बाप, शहर आणि काळ चारही जुळतात. त्याच साठ्यात ‘अजर्याहू बेन हिल्कीयाहू’ आहे. १ इतिहास ६ मध्ये मुख्य याजक हिल्कीयाचा मुलगा अजऱ्याच आहे. पुढे २००५ मध्ये शलेम्याचा यहूखल आणि २००८ मध्ये पशहूरचा गदल्या, म्हणजे यिर्मया ३८:१ मधले दोघे, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर निघाले. याउलट बारूखच्या नावाचे शिक्के उत्खननातले नाहीत, ते जुन्या वस्तूंच्या बाजारातून आले, आणि ते बनावट असल्याचं मत आता बळकट आहे. नाव, बाप आणि हुद्दा तिन्ही त्यांवर आहेत. पण कुठे सापडलं याची नोंदच नसेल तर बाकी जुळणीला अर्थ राहत नाही.

हुद्द्याने पाठाचा गुंता सुटल्याचंही एक उदाहरण आहे. यिर्मया ३९:३ मधली बाबेली सरदारांची नावं जुन्या भाषांतरांत ‘समगार-नबो, सर्सखीम’ अशी तोडलेली आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या इ.स.पू. ५९५ च्या एका मातीच्या पाटीवर खोजांचा (षंढ सेवकांचा) सरदार नबू-शर्रुस्सू-उकीन याने मंदिराला दीड मिना सोनं दिल्याची पावती आहे. ती २००७ मध्ये वाचली गेली. वचनातल्या सर्सखीमचाही तोच हुद्दा, तोच दशकभराचा काळ. तेव्हा ‘नबो’ हा तुकडा पुढच्या नावाचा: नबो-सर्सखीम.

नोंदवही ठेवायची तर दर माणसाला एक ओळ, पाच रकाने आणि सहाव्यात वचनाचा आकडा. रकाना रिकामा असेल तर रिकामाच ठेवायचा, दुसऱ्या माणसाकडून उसना भरायचा नाही. मराठी भाषांतरांत नावांचं लेखन बदलतं, म्हणून शोध नावाने न करता वचनाने करायचा. आणि जुळणीपुढे ‘पक्कं’, ‘बहुधा’, ‘शक्य’ यांपैकी एक शेरा. उदाहरणार्थ, यहेज्केल ८:११ मध्ये मूर्तींपुढे धूप जाळणाऱ्या सत्तर वडिलांत शाफानचा मुलगा याजन्या आहे. वर्ष ५९२, बाप शाफान. पण या घराण्याची बाकी सगळी माणसं उलट बाजूला. शेरा: शक्य. १९३२ साली मिस्पा मानल्या जाणाऱ्या टेल एन-नस्बेला कोंबड्याचं चित्र असलेली एक मोहोर सापडली, ‘याजन्याहू, राजाचा सेवक’. गदल्याला मिस्पात येऊन भेटलेल्या सेनानींत माकाथीचा मुलगा याजन्या आहे (२ राजे २५:२३). जागा जुळते, काळ जुळतो, नाव जुळतं, दरबाराशी संबंधही पटण्याजोगा आहे. मोहोरेवर बापाचं नाव नाही. शेरा: बहुधा, पक्कं नाही.